अर्ध्या गालाचा साबण

जर्मनचं पातेलं उकळायला लागलं, आणि खाली विस्तव नव्हता.

मी परसात उभा. पातेल्यात पाणी आणि पाण्यात कॉस्टिक पोटॅश, एवढंच. तरी ते फसफसत होतं. वाफ नाकात सुईसारखी टोचत होती. बघता बघता पातेलं आतून काळं पडलं आणि झिजलेल्या बुडाला भोक पडलं. खालची फरशी पांढरी झाली.

मालती, म्हणजे आमची मंडळी, पदर नाकाला लावून दारात आली.

"अवो, ह्ये माझं भाताचं पातेलं हाय का?"

"व्हतं," मी म्हणालो.

तिथून माझा दाढीचा साबण सुरू झाला.

मी कशेळ्याच्या नाक्यावरचा न्हावी. नाव महादू. शिक्षण चौथी, तीही दुसऱ्या खेपेला. वय एकाहत्तर. हात अजून थरथरत नाही. ज्याला खोटं वाटतं त्यानं खुर्चीत बसावं आणि मान वर करावी. माझ्या दुकानात फोमचा डबा कधी आला नाही. वाटी, ब्रश आणि साबण. फेस हातानं काढायचा, दाढीत मुरवायचा, मग वस्तरा. हल्ली वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड घालतो, पण हात तोच.

त्या वर्षी आषाढात नदीकाठच्या रिसॉर्टच्या मॅनेजर पल्लवी मॅडम दुकानात आल्या. पुण्याच्या. वय तिशीचं. त्यांना रिसॉर्टमध्ये जुन्या पद्धतीची दाढीची खुर्ची मांडायची होती. गरम टॉवेल, पितळी वाटी, ब्रश आणि माझ्यासारखा म्हातारा. शनिवार-रविवार मी जायचं. दिवाळीच्या सीझनला सुरुवात.

"काका, सगळं लोकल पाहिजे," त्या म्हणाल्या. "फक्त साबण तेवढा मुंबईहून येईल. चंदनाचा. गेस्टना सँडलवूड फार आवडतं."

त्यांनी लाकडी डबी दाखवली. मी ब्रश ओला करून मनगटावर फेस काढला. फेस भरपूर आला. मोठे मोठे बुडबुडे. मी तो तसाच ठेवला आणि बोलत बसलो. बोलणं संपेस्तोवर फेस बसला आणि कातडीवर पांढरे पापुद्रे धरले.

"ह्यो फेस पोकळ हाय," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"बाई, दाढीचा फेस नुसता दिसायचा नसतो. वस्तरा येईपर्यंत त्यानं दाढी भिजवत उभं राहायचं असतं. ह्यो पळाला. माझा मामा मोहाच्या तेलाचा साबण करायचा. त्याचा फेस गिऱ्हाईक झोपून उठलं तरी जागेवर. मी करून देतो."

आता खरं सांगायचं तर मामानं साबण केलेला मी पाहिला होता. मी आठ वर्षांचा होतो आणि माझं काम लाकडं आणायचं होतं. स्वतः मी आयुष्यात साबणाची वडी केली नव्हती. पण तोंडातून गेलं ते गेलं.

मॅडम हसल्या. "करा काका. दिवाळीआधी आमचे मालक, शेठ, येतात. तुमचा आणि मुंबईचा, दोन्ही त्यांना दाखवू. त्यांना आवडेल तो घेऊ."

हे बोलणं होत असताना दुकानात माझा मुलगा विलास बसला होता. तो साजगावच्या फॅक्टरीत ऑपरेटर आहे, खोपोलीत राहतो, रविवारी आम्हाला भेटायला येतो. दोन वर्षं त्याचा एकच धोशा. अण्णा, दुकान बंद करा, खोपोलीला चला, गाळ्यात मोबाईलवाला यायला तयार आहे. मॅडम गेल्यावर तो म्हणाला, "अण्णा, साबण म्हणजे केमिकल. तुमचं काम नाय ते."

"माझं काम काय ते तू ठरवतो काय रं?"

"तुमी पडलात तर लोक हसतील. मग तरी ऐकणार का?"

खुर्चीत अर्धी दाढी झालेला गोविंद ड्रायव्हर बसला होता. एसटीतनं रिटायर झालेला, सगळ्या कशेळ्याचा पेपर. त्याच्या देखत मी बोललो, "शेठनं माझा साबण नापास केला तर दिवाळीनंतर दुकानाची चावी तुझ्या हातात. वस्तरा पेटीत. पास झालो तर मोबाईलवाल्याचं नाव काढायचं नाय."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कशेळ्यात सगळ्यांना ठाऊक झाली. पुढचे तीन महिने मी नाक्यावर चहाला गेलो की कुणी ना कुणी विचारायचं, "दादा, फेस आला का?"

मामा पोटॅश विकत आणत नव्हता. तो केळीच्या खांबांची राख भिजवून तिचं पाणी वापरायचा. मी खोपोलीच्या केमिकलवाल्या दुकानात गेलो. दुकानदार समजूतदार. त्यानं सांगितलं ते साध्या भाषेत असं : तेल आणि कॉस्टिकचा खार एकत्र शिजले की साबण होतो. कॉस्टिक सोडा घातला की घट्ट वडी होते, अंगाच्या साबणासारखी. कॉस्टिक पोटॅश घातलं की मऊ होतो, ब्रशला लगेच सुटतो. दाढीला पोटॅश. फेस उभा राहायला स्टिअरिक, म्हणजे मेणबत्तीवाले वापरतात ते पांढरं चुऱ्यासारखं. खोबरेल थोडंच, जास्त झालं की फेस फुगतो आणि कातडी ओढते. त्यानं एका कागदावर सगळं लिहून दिलं, ग्रॅममध्ये. हातमोजे आणि चष्मा घाला म्हणाला. पोटॅश पाण्यात टाका, पाणी पोटॅशवर ओतू नका, हे दोनदा सांगितलं. जर्मनचं भांडं वापरू नका, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, एवढं कुणालाही कळतं. जर्मन म्हणजे अल्युमिनियम. पोटॅश त्याला खातं.

दुसऱ्या खेपेला स्टीलचं पातेलं घेतलं, नवं, मालतीच्या परवानगीनं. तेलात स्टिअरिक वितळवलं, जरा निवू दिलं आणि पोटॅशचं पाणी ओतलं. ओतल्या ओतल्या सगळं गोठलं. डाव मध्ये उभा राहिला तो तसाच. काढायला गेलो तर पातेलं डावाबरोबर वर आलं.

मालती म्हणाली, "आता ह्येची मूर्ती करून देव्हाऱ्यात ठेवा."

विलासला फोन केला नाही. दुकानदाराला केला. तो म्हणाला, "दादा, स्टिअरिक थंड असताना चालत नाही. पोटॅश दिसलं की ते लगेच धरतं. गरमच ठेवा. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं पातेलं, मंद आच, दोन-अडीच तास. आधी दगड होईल, घाबरू नका, शिजत ठेवा. मऊ पडेल."

तसं केलं. खरंच मऊ पडलं. मळलेल्या कणकेसारखा, पिवळट, तुकतुकीत साबण झाला. मला वाटलं जिंकलो. ब्रश फिरवला तर फेस नाही. हाताला नुसता तेलकटपणा.

इथं माझी चूक सांगतो. लपवत नाही, कारण ती आमच्याकडच्या माणसाशिवाय कुणी करणार नाही. मी सगळं मापट्यानं मोजलं होतं. भात मोजायचं मापटं, आमच्या घरातलं, माझ्या आजोबांच्या हातचं. कागदावर ग्रॅम होते. मी म्हटलं, ग्रॅम म्हणजे वजन, वजन म्हणजे दुकानदारी. आमच्यात भात, उडीद, वरी सगळं मापट्यानं मोजत आलो, कुणी उपाशी राहिलं नाही. पण भाताचा दाणा पावसाळ्यात वाढत नाही. पोटॅशचं तसं नाही. ते हवेतलं पाणी पितं. मी बरणीचं झाकण उघडं टाकलं होतं, बाहेर श्रावणाची झड. पोटॅश ओलं होऊन आत चिकटलेलं. मापट्यात मावलं ते अर्धं पाणीच होतं. म्हणून खार कमी पडला आणि तेल शिल्लक राहिलं.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मी काय केलं, नवीन बरणी फोडली आणि वरून आणखी अर्धं मापटं घातलं. अंदाजानं. पुन्हा शिजवलं. आता फेस असा आला की वाटीबाहेर. साबण तयार झाला का बघायला जुने लोक जिभेच्या टोकाला लावतात. चटका बसला तर खार शिल्लक. मी जिभेला लावला नाही, सरळ डाव्या गालाला लावला. न्हाव्याचा गाल, त्याला काय होतंय.

दाढी पुरी झालीच नाही. गाल पेटला. गार पाणी मारत बसलो. दोन दिवस डावी बाजू लाल, उजवी पांढरी. दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं, गांधीलमाशी चावली.

गोविंद ड्रायव्हरनं जवळ येऊन बघितलं. "महादू, माशीनं डंख मारला का ब्रशनं?"

रविवारी विलास आला. त्यानं माझा गाल बघितला. जेवून उठला, गाडीच्या डिकीतून एक छोटा काटा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. सोनाराकडं असतो तसला, सेलवर चालणारा.

"अण्णा, आमच्या फॅक्टरीत बॅच लावताना एक माणूस मोजतो आणि दुसरा बघतो. मोजणारा वीस वर्षांचा जुना असला तरी दुसरा बघतो. त्यात कमीपणा नाय."

"मापटं काय वाईट व्हतं?"

"मापटं भाताला चांगलं."

मी काटा पाच दिवस फडताळात ठेवला. सहाव्या दिवशी काढला. पोटॅशची बरणी घट्ट बंद, काटा शून्यावर, कागदातला एकेक आकडा पाहून. तेल पाचाला एक भाग जास्तच ठेवा, म्हणजे खार शिल्लक राहणार नाही, असं विलास फोनवर म्हणाला. मी म्हटलं, पाचाला एक फार होतं, फेस मरेल, विसाला एक ठेवतो. ते मात्र माझं बरोबर निघालं. फेसातलं त्याला काय कळतंय.

ह्या खेपेचा साबण मी आधी जिभेला लावला. काही नाही. मग मनगटाला, मग गालाला. फेस दाट, बारीक, दह्यावर साय बसते तसा बसला. मी आरशासमोर उभा राहून मालतीशी भांडण काढलं, भांडण संपलं, तरी फेस जागेवर. वस्तरा लोण्यातून जावा तसा गेला.

आता राहिला वास.

मोहाच्या तेलाला स्वतःचा वास असतो. कडवट, थोडा धुरकट. सवय नसलेल्याला नको वाटतो. मला वाटलं वासाचं काय, कुणीही घालील. मॅडमना चंदन पाहिजे, तर चंदनच घालू आणि वर थोडा कापूर, वस्तऱ्यानंतर गार वाटायला. खोपोलीहून चंदनाच्या वासाची बाटली आणली. खरं चंदनाचं तेल आपल्या आवाक्यातलं नाही. ही उदबत्तीवाले वापरतात ती. वास नेहमी साबण शिजून निवल्यावर घालायचा, नाही तर उडून जातो. घातला. घर घमघमलं.

दुसऱ्या दिवशी गोविंद ड्रायव्हर खुर्चीत बसला. फेस लावला. हा माणूस खुर्चीत कधी गप्प बसत नाही. कर्जत आगारातल्या तीस वर्षांच्या गोष्टी सांगतो. त्या दिवशी गप्प. मी वस्तरा उचलला तर त्यानं माझा हात धरला.

"महादू, पूस."

"का रं? आग होते?"

"आग नाय. फेस ब्येस हाय. पण ह्यो वास... मयताच्या उशाशी उदबत्तीचा पुडा लावतात ना, तो. आनि हात तुझा. आईच्या दहाव्याला नदीवर तूच माझी दाढी केली व्हती. मला वाटलं पुन्ना तिथंच बसलोय. पूस बाबा."

पुसला. त्यानं साध्या पाण्यावर दाढी करून घेतली आणि उठून गेला.

मी ऐकणारा माणूस नाही. म्हटलं, ह्याचं मन हळवं. आणखी दोघांना लावला. एक चहा न घेताच गेला. दुसऱ्यानं विचारलं, "दादा, कुनाचं काय झालं का?"

तेव्हा समजलं. चंदन वाईट नाही, कापूर वाईट नाही. देवापुढं दोन्ही चांगले. पण पंचक्रोशीत कुणीही गेलं तर दहाव्याला नदीवर बसून लोकांच्या दाढ्या-डोकी करणारा मीच. माझ्या हाताला तो वास आला, तोही नाकापाशी, की माणूस थेट घाटावर पोचतो. मुंबईच्या पाहुण्याला वाटणार नाही, खरं आहे. पण मी ज्यांच्या गालावर शिकलो त्यांना जो साबण नको, तो मी दुसऱ्याला लावणार नव्हतो.

मॅडमना फोन केला. "चंदन नाय जमणार."

"काका, पण तेच तर चालतं!"

"तुमचं चालू द्या. मी दुसरा वास लावतो."

"कोणता?"

"सापडला की सांगतो."

तीन आठवडे उरले होते. गवती चहा घालून पाहिला. गिऱ्हाईक म्हणालं, दूध कधी घालतोस? गुलाब घातला, तर मालती म्हणाली लग्नात वरातीवर मारतात तसला येतो. मी चिडून सगळ्या डब्या दुकानाच्या फळीवर मांडून बसलो होतो, तेव्हा बुधीबाई आली.

बुधीबाई वरच्या ठाकूरवाडीची. वय माझ्याएवढं, चाल माझ्या दुप्पट. बाजाराच्या दिवशी खाली येते. मोहाच्या बियांचं तेल मी तिच्याकडूनच घेत होतो. तिला बाटल्या ठेवायला सांगितलं, तर तिनं एकेक डबी उचलून हुंगली. चंदनाची परत ठेवली.

"ही देवाला लाव. तोंडाला नको."

"मग तोंडाला काय लावू? तूच सांग आता."

"माझं तेल हाय ते मातीत उगवल्या झाडाचं. त्याला मातीतला वास लागंल. फुलाचा काय लागंल?" ती उठली, दुकानामागच्या बांधावर गेली आणि मूठभर लव्हाळा उपटून आली. मुळाशी काळ्या गाठी होत्या. एक दगडावर ठेचली आणि माझ्या नाकाशी धरली.

लव्हाळा म्हणजे भातशेतीतला वैरी. उपटावा तितका येतो. त्याच्या गाठीला उटणंवाले नागरमोथा म्हणतात आणि विकत घेतात. मला ते ठाऊक होतं, पण कधी हुंगून पाहिला नव्हता. ओली माती, जुनं लाकूड, शेवटाला जरा गोडसर. मी ती ठेचलेली गाठ मोहाच्या साबणाशेजारी धरली. तेलाचा धुरकट वास गेला नाही; तो लव्हाळ्यात मिसळला, दोन्ही एकाच घरचे असल्यासारखे.

"बुधे, ह्याचं तेल काढता येतं?"

"ओव्याचा अर्क काढतात तसा काढायचा. माझी आई काढायची, पोरांच्या पोटाला. मडकी हायेत माझ्याकडं."

गाठी गोळा करायला माणसं शोधावी लागली नाहीत. सगळ्या कशेळ्यानं आपापल्या शेतातला लव्हाळा फुकट आणून टाकला, वर आभार मानले. गाठी धुतल्या, वाळवल्या, कुटल्या, रात्रभर भिजवल्या. मग माझ्या परसात चूल मांडली. मोठ्या मडक्यात गाठी आणि पाणी, वर झाकण लिंपून बंद, झाकणातून नळी, नळी गार पाण्याच्या घमेल्यातून. वाफ नळीत थंड होते आणि थेंब थेंब बाटलीत पडते. पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. तो अलगद काढायचा.

कुडाच्या पलीकडून शेजाऱ्यांची डोकी वर आली. नळी दिसली, मडकं दिसलं, बाटली दिसली.

"महादूदादा, म्हातारपणी ह्यो धंदा?"

"पहिल्या धारेची असंल तर आमाला एक गिलास!"

बुधीबाईनं मान वर न करता सांगितलं, "या, या. एक गिलास पिला की दाढी आतून उगवंल."

सकाळी लावलेली चूल तिन्हीसांजेला विझवली. असं चार दिवस केलं. चार दिवसांत खोकल्याच्या औषधाची एक बाटली भरली नाही. पण हा वास दमदार आहे. किलोभर साबणाला चार चमचे पुष्कळ. नव्या बॅचला विलास स्वतः रजा टाकून आला. मी मोजलं, त्यानं बघितलं. साबण निवल्यावर तेल घातलं आणि डब्या भरून आठवडाभर मुरू दिल्या.

गोविंद ड्रायव्हरला खुर्चीत बसवलं. काही सांगितलं नाही. फेस लावला आणि वाट बघितली. तो डोळे मिटून म्हणाला, "शहाऐंशी साली गाडी नेरळच्या अलीकडं बंद पडली व्हती..." आणि सुरू झाला. मला तेवढं पुरलं.

शेठ आले ते दिवाळीच्या आधीच्या रविवारी. मूळचे खालापूरकडचे, बापजाद्यांची भातशेती होती तिथं; आता राहतात मुंबईत आणि इथं रिसॉर्ट. अंगानं दांडगे, दाढी म्हणजे बाभळीचं कुंपण. व्हरांड्यात खुर्ची मांडली होती. मॅडम उभ्या, विलास खांबाला टेकून उभा. गोविंद ड्रायव्हर कुणी न बोलावता आला होता.

मी म्हटलं, "शेठ, अर्धा गाल माझा, अर्धा मुंबईचा. कोणता कुठं ते सांगत नाय. हात फिरवून तुमीच सांगा."

शेठ हसले. "नाक कुणाच्या बाजूला?"

"नाक दोघांचं."

गरम टॉवेल दिला. दोन वाट्या, दोन ब्रश. डाव्या गालाला मुंबईचा फेस, उजव्याला माझा. डावीकडचा मोठा, कापसासारखा. उजवीकडचा बसका. मॅडमनी डावीकडं बघून मान डोलावली. मी वस्तरा उचलला आणि शेठचा फोन वाजला.

"एक मिनिट हां." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. खालापूरच्या साइटवर जेसीबी चिखलात रुतला होता. ड्रायव्हर म्हणे फळ्या टाका, सुपरवायझर म्हणे दुसरा जेसीबी बोलवा, दोघं शेठच्या कानात भांडत होते. शेठ तोंडाला फेस घेऊन दोघांना शिव्या देत होते.

विलास माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं, अण्णांची वेळ हुकली. फेस लावून इतका वेळ थांबत नाहीत. मी वस्तरा खाली ठेवला.

"शेठ, बोला सावकाश. घाई नाय."

मॅडम म्हणाल्या, "काका, वाळेल ना ते."

"बघू," मी म्हटलं.

जेसीबी निघेपर्यंत बराच वेळ गेला. डावा गाल भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता, तडे गेलेला. शेठ बोलले की पापुद्रे शर्टावर पडत होते. उजव्या गालावर फेस होता तसा होता. मी बोट लावून मॅडमना दाखवलं. ओला.

फोन बंद झाल्यावर मी डाव्या गालाला पुन्हा फेस लावू का म्हणून विचारलं. ते न्यायाचं होतं. शेठ म्हणाले लावा. लावला. आधी डावा केला. वस्तरा अडखळत गेला, दोन ठिकाणी परत फिरवावा लागला. मग उजवा, त्याच पहिल्या फेसावर. वरून खाली एकदा, आडवा एकदा. आवाज आला नाही. चांगल्या दाढीला आवाज नसतो.

टॉवेलनं पुसलं. शेठनी दोन्ही हात दोन्ही गालांवर ठेवले. डावा हात काढला, उजवा तिथंच ठेवला. मग तळहात नाकाला लावला.

"ह्यो वास कसला रं, दादा?" खालापूरची बोली आपोआप बाहेर आली.

"ओळखा."

"शेतातला हाय. ... लव्हाळा?"

"लव्हाळा."

"आयला! आज्यानं मला ह्येच बेणायला लावलं, सगळं बालपण. उपटून उपटून हाताला घट्टे पडले." त्यांनी पुन्हा हुंगला. "मॅडम, ह्यो. दुसरा परत पाठवा."

मॅडमनी माझ्या वाटीतला फेस बोटावर घेतला, हुंगला आणि बाकीच्यांच्या आधी हसल्या. "काका, चंदनाचं मी मागे घेते. पण डबीवर लव्हाळा लिहिलं तर कुणाला कळेल?"

"नागरमोथा लिवा. भारी वाटतं."

गोविंद ड्रायव्हर ओरडला, "फेस आला रं, फेस आला!" दुपारच्या एसटीआधी ती बातमी नाक्यावर पोचली.

विलास पुढं आला. मला वाटलं चावीचं काही बोलेल. तो खुर्चीत बसला, मान मागं टाकली आणि म्हणाला, "अण्णा, माझी पन करा." लग्न झाल्यापासून त्यानं माझ्याकडून दाढी करून घेतली नव्हती. त्याला घरी मशीन आहे. मी नवं ब्लेड लावलं आणि केली. मोबाईलवाल्यानं पुढं कर्जतला गाळा घेतला असं ऐकतो.

आता शनिवार-रविवार मी रिसॉर्टवर, बाकीचे दिवस दुकानात. साबण महिन्यातून एकदा. तेल आणि लव्हाळ्याचा अर्क बुधीबाईचा. तिनं आता वाडीतल्या चार बायका हाताशी घेतल्यात आणि मला बाटलीसाठी थांबवते. एक पाहुणा विचारत होता, ही रेसिपी कुठं शिकलात? मी म्हटलं, मामाकडं. ते अगदीच खोटं नाही.

नवीन कुणी साबण करायला निघाला तर माझं एवढंच सांगणं. पहिला फेस आपल्या गालाला लावावा. दुसऱ्याचा गाल पेटला तर तो पुन्हा येत नाही. आपला पेटला तर दुसऱ्या दिवशी आपल्यालाच दुकान उघडायचं असतं.